भाजलेल्या पास्त्याचा पंचनामा

कोणतीही गोष्ट सोपी असणे हा तिच्यातला सर्वांत गंभीर दोष होय. अवघड गोष्टीला नियम असतात, नियमांना पोटनियम असतात, आणि पोटनियमांवर कित्येकांची पोटे चालतात. सोप्या गोष्टीला मात्र कोणी वाली नसतो. ती कोणीही करतो, कशीही करतो, आणि मुख्य म्हणजे करून मोकळा होतो. पुढे काही बिनसले तर कोणाला जबाबदार धरायचे, याचा कागद मागे उरत नाही.

घरच्या घरी पास्ता भाजणे ही अशीच एक बेवारस गोष्ट होती. तिला शिस्त लावण्याचे काम एका निवृत्त अन्नमानक निरीक्षकांनी एका दिवसात केले, त्याची ही हकिगत.

निरीक्षकसाहेबांनी बत्तीस वर्षांच्या सेवेत चार हजार तीनशे सोळा स्वयंपाकघरे तपासली होती. कारखान्यांची उपाहारगृहे, वसतिगृहांच्या खानावळी, बेकऱ्या, एकदा तर एक जहाजसुद्धा (जहाज सुटले, साहेब वेळेत उतरले). यांपैकी एकाही ठिकाणी त्यांनी काही शिजवले नाही आणि एकाही ठिकाणी काही चाखले नाही. चाखायला बंदीच होती. नियम बारा सांगतो, 'चव हे मत आहे. मत हा पुरावा नव्हे.' हा नियम त्यांच्या टेबलावर काचेखाली असे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो काचेखालून काढून घरी आणला. सोबत लाखेची एक कांडी, सुतळीचे रीळ आणि मूठ तुटल्यामुळे कार्यालयाने रद्द केलेला पितळी शिक्का आणला. एवढी शिदोरी घेऊन माणूस घरी बसला की तो नुसता बसत नाही.

घरचे स्वयंपाकघर मात्र त्यांच्या कार्यक्षेत्राबाहेर होते. ते त्यांच्या पत्नीकडे होते. पत्नी इस्पितळात परिचारिका. वॉर्डातले रुग्ण, डॉक्टर, इमारतीतले शेजारी, इतकेच काय दूधवालासुद्धा त्यांना सिस्टरच म्हणे. सिस्टरांच्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षांत एकही तपासणी झाली नव्हती आणि कोणाचे पोटही बिघडले नव्हते. या दोन बाबींचा एकमेकींशी संबंध जोडणे घाईचे ठरेल.

त्या दिवशी सकाळी सात वाजता सिस्टर दारात बसून बुटाची नाडी बांधत होत्या. बांधता बांधता थांबल्या.

"काय गं?" साहेबांनी वर्तमानपत्रातून विचारले.

"काही नाही हो. कधीतरी वाटतं, संध्याकाळी दार उघडावं आणि ताट वाढलेलं असावं. गरम. आपण न केलेलं." मग नाडीची गाठ मारून त्या उठल्या. "आईच्या गोळ्या नऊला द्या. भाजी फ्रिजमध्ये आहे, आल्यावर टाकते फोडणीला."

दार लागले. साहेबांना लाज वाटली. ही कार्यालयीन लाज नव्हती (तिच्यासाठी खुलासा मागवतात); ही साधी, कानशिले तापवणारी लाज होती. चौतीस वर्षे ही बाई दिवसभर दुसऱ्यांना औषधपाणी करून घरी येते, हात धुते आणि तडक ओट्यापाशी उभी राहते. आणि आपण टेबलापाशी बसून पोळी जरा जाड झाल्याचा शेरा मारतो. बायकोला एक गरम ताट. एवढेच. ते आज संध्याकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी, म्हणजे ती दारात पाऊल टाकेल तेव्हा, टेबलावर असेल, असे त्यांनी मनाशी ठरवले.

पदार्थ ठरवायला वेळ लागला नाही. मागच्या वर्षी मुलीच्या घरी गेले असताना तिने ओव्हनमध्ये भाजलेला पास्ता वाढला होता, आणि सिस्टरांनी चक्क दुसऱ्यांदा मागून घेतला होता. स्वतः नेहमी शेवटी जेवणारी, उरलेसुरले संपवणारी ही बाई काहीतरी मागून घेते आहे, हे साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले होते. त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, अहो सोपं आहे," मुलगी म्हणाली. "पास्ता उकडा, कांदा-लसूण-टोमॅटोचा सॉस करा, दोन्ही मिसळा, वर चीज किसा, सोनेरी होईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवा. मीठ चवीप्रमाणे. झालं."

"झालं म्हणजे?"

"झालं म्हणजे खा!"

साहेबांनी फोन ठेवला आणि ऐकता ऐकता उतरवून घेतलेल्या कागदाकडे पाहिले. दस्तऐवज सहा ओळींचा होता. त्यावर जावक क्रमांक नव्हता, स्वाक्षरी नव्हती, आणि 'खा' ही कृती कोणी, कोणाच्या परवानगीने करायची याचा उल्लेख नव्हता. एवढ्याशा कागदावर विसंबून साहेबांनी एखाद्या चहाच्या टपरीलाही परवाना दिला नसता, आणि इथे तर प्रश्न बायकोचा होता.

म्हणून त्यांनी प्रथम कार्यपद्धती लिहायला घेतली. ती चौदा पानांची झाली. तिच्या आधारे तेवीस शंका काढून त्यांनी मुलीला एकामागून एक संदेश पाठवले. 'कांदा बारीक चिरणे' म्हणजे किती मिलिमीटर, या शंकेला उत्तर म्हणून एक हसणारा चेहरा आला. त्याचे मिलिमीटरमध्ये रूपांतर करता आले नाही. शंका क्रमांक एकोणीस अशी होती: 'मीठ चवीप्रमाणे. कोणाच्या? चाखण्यास बंदी असताना चव कोणी व कशी निश्चित करावी?' यावर उत्तर आलेच नाही, कारण तोवर मुलगी मीटिंगमध्ये शिरली होती. साहेबांनी मिठापुढे 'खुलासा प्रलंबित' असे लिहिले आणि पुढे गेले. प्रलंबित बाबीवर कार्यवाही करणे म्हणजे शिस्तभंग, हे सांगायला नकोच.

स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या. वय एक्याऐंशी, गुडघे दुखरे, जीभ ठणठणीत. जावयाचा बेत त्यांना कळला होता आणि त्या विलक्षण समाधानाने तमाशा पाहत होत्या.

"जावईबापू, पाणी तरी ठेवा आधी. नमनालाच घडाभर तेल गेलं तुमचं."

"आई, आधी साधनसामग्रीची तपासणी," साहेब म्हणाले आणि त्यांनी ओव्हन उघडला.

ज्यांना ओव्हनचा उपयोग माहीत आहे, त्यांना इथे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ओव्हन हे कुठेच न मावणाऱ्या वस्तू ठेवण्याचे कपाट असून त्याला चुकून वीजजोडणी दिलेली असते. या ओव्हनमधून पुढील ऐवज निघाला: लोखंडी तवा एक, डबे नसलेली झाकणे नऊ, झाकणे नसलेले डबे चार (या नऊ आणि चारांत एकही जोडी जुळली नाही), भेट आलेले, वेष्टनही न फोडलेले सँडविच-यंत्र एक, पिशव्या भरून ठेवलेली पिशवी एक, खुद्द ओव्हनचे हमीपत्र, मुदत अकरा वर्षांपूर्वी संपलेले, आणि सर्वांत मागे, फडक्यात गुंडाळलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"तो तिथेच राहू द्या," सासूबाई घाईने म्हणाल्या.

"आई, तुम्हाला साखर आहे."

"म्हणून तर तिथे ठेवलाय."

डब्याची नोंद 'अज्ञात मालकी' अशी झाली. यात तास गेला.

त्यानंतर एक कायदेशीर पेच पुढे आला. पास्ता करणारे साहेब आणि तो तपासणारेही साहेबच. उत्पादक व निरीक्षक एकच असू नयेत, हे साधे तत्त्व आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या नसतात. साहेबांनी यावर तोडगा काढला. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या ठेवल्या. खिडकीकडची निरीक्षकाची, ओट्याकडची उत्पादकाची. निरीक्षकाच्या खुर्चीत बसून त्यांनी उत्पादकाला, डोके न झाकता अन्नाजवळ उभे राहिल्याबद्दल नोटीस दिली. मग पलीकडे जाऊन बसून ती घेतली, पोच दिली, आणि न्हाणीघरातून सिस्टरांची फुलाफुलांची प्लास्टिकची टोपी आणून डोक्यावर चढवली. उत्पादकाने निरीक्षकाला चहा विचारला. निरीक्षकाने तत्त्व म्हणून नाकारला. त्यामुळे त्या दुपारी सासूबाईंनाही चहा मिळाला नाही.

"एकट्याचं भांडण मी प्रथमच पाहतेय," त्या म्हणाल्या.

प्रत्यक्ष कामाला दोन वाजून दहा मिनिटांनी सुरुवात झाली. पुडा फोडून पास्त्याच्या नळ्या मोजण्यात आल्या: चारशे सदतीस, पैकी सात तुटक्या. तुटक्या सात वेगळ्या काढून बशीत ठेवल्या. पुड्यावर 'नऊ मिनिटे उकळा' असे होते, परंतु पहिली नळी पाण्यात पडल्यापासून की शेवटची, हे म्हटलेले नव्हते. साहेबांनी एकेक नळी न सोडता सगळ्या एकदम सोडून हा वाद निकालात काढला, आणि उकळते पाणी मनगटावर उडवून घेतले. (अपघात-नोंदवही नसल्यामुळे अपघात झाला नाही.) कांदा चिरताना अधिकाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आले, त्याचा भावनांशी संबंध नसल्याचा शेरा समासात आहे. लसूण सोलायला एकवीस मिनिटे लागली आणि लसणाच्या पाकळ्या निघाल्या आठ. टोमॅटोचा सॉस मात्र झकास झाला. तांबडा, दाट, रटरटता. त्याचा वास घरभर पसरला तेव्हा सासूबाईंनी खुर्ची वीतभर पुढे ओढली, आणि साहेबांना असा आनंद झाला की त्यांनी दोन्ही खुर्च्यांवर आळीपाळीने बसून स्वतःचे अभिनंदन केले.

या वासाने शेजारच्या दारातला शिंपीही आला. त्याच्या गळ्यात टेप होती आणि कानावर खडू. तो सिस्टरांच्या गणवेशाची बटणे लावून परत द्यायला आला होता. साहेबांनी त्याला आत घेतले, दार लावले आणि तो आता सासूबाईंच्या जोडीला दुसरा पंच असल्याचे त्याला सांगितले.

"साहेब, मला सहाला एक पँट द्यायचीय."

"फक्त रंगापुरतं थांबा," साहेब म्हणाले.

रंगाची अडचण खरी होती. मुलीच्या दस्तऐवजात 'सोनेरी होईपर्यंत' एवढेच होते. सोनेरी म्हणजे कोणते सोनेरी? या एका शब्दावर, साहेबांच्या अंदाजाने, जगातले चाळीस टक्के पदार्थ कच्चे राहतात आणि चाळीस टक्के करपतात (उरलेल्या वीस टक्क्यांच्या वेळी वीज जाते). पण शिंप्याला पाहताच त्यांना मार्ग सापडला. शिंप्याकडे दोऱ्यांच्या रंगांचे पत्रक असते, त्यात प्रत्येक छटेला क्रमांक असतो. शिंपी जाऊन पत्रक घेऊन आला. सोनेरी छटा एकूण अकरा निघाल्या. बरीच चर्चा होऊन क्रमांक चारशे अठरा ही छटा मानक म्हणून मुक्रर झाली. सासूबाईंचे मत चारशे एकवीसला होते, पण त्यांना मोतीबिंदू असल्याने ते मत विचारात घेतले नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी पास्ता, सॉस आणि किसलेले चीज भरलेले काचेचे भांडे ओव्हनमध्ये गेले. पुढची अर्धी घटका साहेब आणि शिंपी ओव्हनच्या दारासमोर उकिडवे बसून होते. शिंप्याने पत्रक धरले होते आणि साहेबांनी विजेरी.

"साहेब, एक बोलू? शेड दिव्याखाली बघायची नसते. गिऱ्हाईक तिथेच फसतं. शेड उजेडात बघायची."

हे तांत्रिक मत होते आणि ते एका तज्ज्ञाचे होते. ते डावलणे शक्य नव्हते. साहेबांनी हातमोजे घातले, भांडे बाहेर काढले आणि दोघे ते घेऊन गॅलरीत गेले. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. फुलाफुलांची टोपी घातलेला एक गृहस्थ धुमसते भांडे उन्हाकडे तिरके धरून उभा आहे आणि दुसरा त्याच्यावर दोरे लावून पाहतो आहे, असे दृश्य तिथून दिसले. रंग चारशे सहा भरला. भांडे परत आत. सहा मिनिटांनी पुन्हा गॅलरी. आता डावी कड चारशे अठरा, उजवी कड चारशे पंचवीस आणि मधला भाग दोऱ्यांच्या पत्रकात नसलेला पांढरा. तिसऱ्या खेपेला मावळतीचे ऊन पडून सगळेच सोनेरी दिसू लागले. शिंप्याने सरासरी काढली. ती चारशे एकवीस आली.

"मी काय म्हणत होते?" सासूबाई आतून म्हणाल्या.

सहा वाजून पाच मिनिटे झाली होती. भांडे टेबलावर आले. वरची साय तडकली होती, कडेला चीज करकरीत झाले होते, खाली सॉस अजून बुडबुडत होता. साहेब त्याच्याकडे पाहत राहिले. हे त्यांनी केले होते. पंचेचाळीस मिनिटांत ती येईल, बूट काढेल, आणि...

आणि तिला काही झाले तर?

सगळा घोळ या एका वाक्यात झाला. बत्तीस वर्षे ज्या माणसाने दुसऱ्यांनी शिजवलेल्या अन्नात फक्त धोका पाहिला, त्याला आपण शिजवलेल्या अन्नात दुसरे काय दिसणार? साहेबांना बायकोची काळजी वाटली. अगदी पोटातून वाटली. प्रेम करण्याची ज्याची त्याची रीत असते, आणि साहेबांना एकच रीत येत होती. प्रमाणपत्राशिवाय अन्न वाढता येत नाही. चाचणीशिवाय प्रमाणपत्र नाही. नमुन्याशिवाय चाचणी नाही. आणि नमुना, नियम एकतीसप्रमाणे, चार भागांत घ्यावा लागतो: एक प्रयोगशाळेस, एक कार्यालयास, एक वाद उद्भवल्यास राखीव, आणि एक संबंधित पक्षास. प्रत्येक भाग किमान पाचशे ग्रॅम.

साहेबांनी भांड्यातला ऐवज तोलला. दोन किलो चाळीस ग्रॅम.

डाळ, साखर, रवा आणि चहाची पूड ज्यांत होती त्या सिस्टरांच्या चार बरण्या रिकाम्या करण्यात आल्या (डाळ, साखर, रवा व चहाची पूड यांची एकत्रित व्यवस्था एका परातीत केली). चारशे सदतीस उणे सात नळ्या चार बरण्यांत विभागल्या गेल्या. झाकणांवर फडके, फडक्यावर सुतळी, सुतळीवर लाख, लाखेवर शिक्का. मेणबत्ती धरायला शिंपी होता. साहेबांचा हात असा सराईतपणे चालत होता की पाहणाऱ्याला भान राहू नये, आणि तसेच झाले. चौथ्या बरणीवर शिक्का उमटला तेव्हा कुठे सासूबाईंनी विचारले.

"जावईबापू, आता खायचं काय?"

साहेबांनी भांड्यात पाहिले. चाळीस ग्रॅम तळाला चिकटले होते. त्यांची नोंद 'घट' अशी आधीच झाली होती.

"शितावरून भाताची परीक्षा करतात," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही अख्खा भातच परीक्षेला बसवलात."

मग त्यांनी चमचा घेतला, भांडे स्वतःकडे ओढले आणि ती घट खरवडून तोंडात टाकली. क्षणभर डोळे मिटले. "वास चांगला आहे. पण जावईबापू, यात मी..."

"आई!" साहेब ओरडले. "पंचांनी मत द्यायचं नसतं."

सहा वाजून पन्नास मिनिटांनी किल्ली फिरली.

सिस्टर आत आल्या. समोर त्यांचा नवरा, डोक्यावर त्यांची आंघोळीची टोपी. शेजारचा शिंपी, हातात मेणबत्ती. आई, हातात चमचा. ओट्यावर, टेबलावर, गॅसवर आणि जमिनीवर मिळून एकतीस भांडी. परातीत डाळ, साखर, रवा आणि चहा यांचा एक नवाच पदार्थ. आणि मधोमध, एका ओळीत, लाखेने मोहोरबंद केलेल्या चार बरण्या.

"कोण गेलं?" त्यांनी विचारले.

"कोणी नाही गं. तुझ्यासाठी पास्ता केलाय." साहेबांनी बरण्यांकडे बोट दाखवले. "गरम होता."

"मग वाढा ना!"

साहेबांनी खाली मान घालून नियम एकतीस सांगितला. निष्कर्ष यायला चौदा दिवस लागतात, हेही सांगितले. शिंप्याने हळूच मेणबत्ती विझवली आणि पँटची आठवण काढून तो निघून गेला. सिस्टर बुटांसकट खुर्चीवर बसल्या. ती निरीक्षकाची खुर्ची होती, पण साहेबांनी हरकत घेतली नाही.

"चार बरण्या कोणाकोणाच्या म्हणालात?" सासूबाईंनी मध्येच विचारले. "चौथी?"

"संबंधित पक्षाची."

"आणि हा पक्ष कोण म्हणे? मी सबंध दिवस इथे बसलेय. मला तर एकच बाई दिसते, जिच्याशी याचा काही संबंध आहे."

साहेबांनी सासूबाईंकडे पाहिले, मग बायकोकडे. तिच्या पायांना सूज होती. त्यांनी चौथी बरणी उचलली आणि सेवेतल्या बत्तीस वर्षांत आणि निवृत्तीनंतरच्या चार महिन्यांत पहिल्यांदा, पंचांसमक्ष, स्वतःच लावलेली मोहोर अंगठ्याने फोडली. लाखेचे तुकडे टेबलावर पडले. आकाश कोसळले नाही.

सिस्टरांनी बरणीतूनच चमचाभर खाल्ले. साहेब समोर उभे होते. चार हजार तीनशे सोळा स्वयंपाकघरांतल्या मालकांना त्यांच्यासमोर उभे राहून काय वाटत असेल, हे त्यांना त्या दिवशी समजले.

"थंड आहे," सिस्टर म्हणाल्या. आणखी एक चमचा खाल्ला. "आणि मीठ नाहीये हो."

"ते प्रलंबित आहे."

सिस्टर हसू लागल्या. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग टेबलावर डोके ठेवून. सासूबाईंना ठसका लागला. साहेबही हसले, कारण बहुमत तसे होते. मग सिस्टर उठल्या. त्यांनी हात धुतले, उरलेल्या तिन्ही बरण्यांच्या सुतळ्या सुरीने कापल्या, सगळा ऐवज कढईत ओतला, मीठ टाकले (अंदाजाने, न मोजता, बोलता बोलता), चाखले, आणखी चिमूटभर टाकले, दुधाचा हबका मारला आणि झाकण ठेवले. सात मिनिटांत वाफा येऊ लागल्या. त्यांनी आईला वाढले, नवऱ्याला वाढले, आणि कढईत राहिले ते स्वतः, ओट्याला टेकून, उभ्याने खाल्ले.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. साहेबांचा ऊर भरून आला. त्यांनीही आयुष्यात प्रथमच नियम बाराचा भंग करून स्वतःचा पदार्थ चाखला आणि मत बनवले. मत चांगले होते.

पुढचे सगळे रीतसर झाले. शिंप्याने ही बातमी इमारतीत पसरवली, आणि साहेबांनी स्वतः स्वयंपाक केला म्हणून पाच बिऱ्हाडांनी दारात येऊन त्यांचे अभिनंदन केले. मीटिंगमधून सुटलेल्या मुलीने, समोरच्या खिडकीतून कोणी तरी काढलेला टोपीतला त्यांचा फोटो 'आमच्या बाबांनी पास्ता केला!' असे लिहून सगळ्यांना दाखवला; त्याला त्रेसष्ट जणांनी बदाम दिले. एका मेव्हणीने तर 'ताई, नशीब काढलंस' असा निरोप पाठवला. तो सिस्टरांना दुसऱ्या दिवशी कळला, कारण त्या वेळी त्यांचे हात साबणाचे होते. भांडी एकतीस होती.

साहेब टेबलापाशी बसून अंतिम अहवाल लिहीत होते. पदार्थ: पास्ता, भाजलेला. रंग: चारशे एकवीस. मीठ: निकाली. उद्दिष्ट: एक गरम ताट. उद्दिष्ट साध्य झाले काय? साहेबांनी 'होय' लिहिले आणि ते खोटे नव्हते. ते कोणी साध्य केले, हे लिहायला अहवालाच्या छापील नमुन्यात रकाना नव्हता. आजवर कधी लागला नव्हता.

पेन त्यांनी बाजूला ठेवले. मग त्यांनी पट्टी घेतली, कागदाच्या कडेला एक नवा रकाना आखला, त्याच्याकडे पाहिले, आणि न भरताच उठून फडके घेऊन भांडी पुसायला गेले. (दोन फोडली.)

राहता राहिले वाचक. ही हकिगत वाचायला साधारण पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्यात पाण्याला उकळी येऊन अर्धा किलो पास्ता उकडून होतो. साहेबांनी ते घड्याळ लावून मोजले आहे. तुम्ही बसून वाचत होतात, अधूनमधून साहेबांना हसतही होतात, त्यात काही गैर नाही. फक्त मघापासून आतून भांड्यांचा आवाज येतो आहे. तिथे कोण आहे हे तुम्हाला न उठता सांगता येत असेल, तर रकाना तुमच्याही घरी आखायला हवा.